आखूड केलेला दोरा

आमच्यात इष्टलिंग अंगावेगळं करत नाहीत. लहानपणी गळ्यात येतं, ते मातीत जाईपर्यंत. रोज पहाटे मी ते डाव्या तळहातावर घेते, भस्म लावते, बेल वाहते, मगच पाणी पिते. चाळीस वर्षांत खंड नाही.

श्रावणात डाव्या छातीत, लिंगाच्या चांदीच्या डबीखाली, हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. वाटलं, डबी घासून आली असेल. दोरा दोन बोटं आखूड केला. डबी वर सरकली, गाठ तिथंच राहिली. दिवाळीपर्यंत बोराएवढी झाली. कुणाला बोलले नाही. दवाखान्यात आधी गळ्यातलं काढायला लावतात, त्याची धास्ती होती.

दिवाळीला पुतणी शिवरंजनी आमच्या गावी, माकणीला आली. ती धाराशिवला दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला असते.

“काकू, डबी गळ्याशी कशी आली? फास लावून घेताव का काय?”

हसायला गेले आणि रडूच आलं. तिनं दार लोटून गाठ चाचपली. तिचंही हसू गेलं.

“डबी घासून आलीय गं.”

“घासून असली गाठ येत न्हाय, काकू.”

“मग बाहेरून काय शिरलं?”

“बाहेरचं काय न्हाय. आपल्याच पेशी असत्यात. चांगली पेशी गरजेपुरती वाढती, दिवस भरले की आपणहून मरती. तिच्यात सगळं लिहिलेलं असतंय. त्यात चुका साठत गेल्या की ती ऐकायचं सोडती. थांबत न्हाय, मरत न्हाय, रक्त ओढून घेती, जागा सोडून दुसरीकडं बी जाती. लॅबात दुर्बिणीखाली वेड्यावाकड्या दिसत्यात, आतला गाभा मोठा, काळाभोर. पर बऱ्याच गाठी साध्याच निघत्यात. सुई घातल्याबिगर कळायचं न्हाय.”

मी पहाटे नेम करत होते, आणि माझ्याच अंगात कुणीतरी नेम सोडून वाढत होतं.

“लिंग काढावं लागंल?”

“तळहातावर घ्या की. रोज घेताव तसं. मी सांगते त्यांना.”

सोमवारी धाराशिवच्या दवाखान्यात सुई घालायला टेबलावर निजवलं. डावा हात डोक्यावर घ्यायला लावला, त्या मुठीत लिंग. “मावशी, हलू नका,” नर्स म्हणाली. जप सुरू केला आणि मधेच अक्षरं विसरले.

आठव्या दिवशी पूजा अर्ध्यावर असताना फोन वाजला. पूजेतून मी कधी उठत नाही. उजव्या हातानं घेतला.

“काकू, बसलाव न्हवं? कॅन्सरच्याच पेशी हाईत. पर काखेत गेल्यात असं दिसत न्हाय. लवकर सापडलं. ऑपरेशन करायचं, भूल देऊन.”

भूल दिल्यावर मूठ मिटलेली राहते का, एवढंच विचारायचं होतं. फोन ठेवून डावी मूठ मिटली तसं बेलाचं पान खाली पडलं, आणि मी लिंग छातीशी घट्ट धरलं.