सवयीचा राखणदार

मी एक जुना राखणदार आहे. माणसाच्या अंगात पेशीपेशीत माझी चौकी असते. शास्त्रज्ञ मला हीट शॉक प्रोटीन म्हणतात. आमच्यातला एकेक जण थोड्याच दिवसांत संपतो, म्हणून मी बोलतो ते साऱ्या घराण्याच्या वतीने. तुम्ही आमचे नाव ऐकले नसेल. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे चित्र तुमच्या पुस्तकात असते, आमचे नसते.

मित्रांनो, मी सोलापुरात नबीलालच्या अंगात राहतो. नबीलाल चादरीच्या कारखान्यात रंगवलेले सूत वाळवण्याच्या खोलीत काम करी. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत वाफेची भट्टी आणि पंखा बंद. पंख्याने तंतू उडून ओल्या रंगाला चिकटतात ना! पेशीतल्या प्रथिनांना चादरीसारख्या घड्या असतात. उष्णतेने त्या विस्कटतात. त्या पुन्हा घालायच्या, हे माझे काम. रोज ऊन सोसले की आमची संख्या वाढते आणि माणूस म्हणतो, सवय झाली.

तीच सवय नबीलालला नडली. मालक मल्लिनाथशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "नबीलालला सवय हाय. भट्टीपाशी त्योच बरा." एका ईदला त्यांनी त्याला जाडजूड चादर भेट दिली. घरात तिचे केवढे कौतुक झाले! राबलो आम्ही आणि आमच्याच जोरावर त्याला आणखी गरम जागी उभे केले, याचा मला आजही संताप येतो.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी तो घरी आला तो बरळतच. अंग चटके देत होते, पण घामाचा थेंब नव्हता. त्याची बायको माजिदा घाबरली. शेजारच्या केराबाई धावत आल्या.

"अंग लई तापलंय, मावशी. आन वर थंडी वाजती म्हणत्यात!"

"हिवताप असंल की. जाड काहीतरी घाल अंगावर. घाम सुटला की उतरतो ताप."

माजिदाने तीच भेटीची चादर काढली आणि त्याला गळ्यापर्यंत गुंडाळले. वेड्या माणसांनो, आतल्या आगीला वाट द्यायची सोडून तुम्ही ती कोंडलीत!

मी एक घडी घाली, तोवर दहा उलगडत. पेशी फुटू लागल्या आणि आम्ही बाहेर सांडलो. तेव्हा माझे दुसरे काम सुरू होते. मेलेल्या पेशीचे तुकडे घेऊन मी पांढऱ्या पेशींकडे जातो आणि सांगतो, मोडतोड झाली आहे, उठा. त्या उठल्या. पण एवढ्या हाका एकदम गेल्या की त्यांना आपले-परके उरले नाही. त्यांनी धडधाकट पेशींवरही घाव घातले. मला ते थांबवता आले नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी चादर ओढून काढली आणि बर्फ लावला. नबीलाल वाचला. त्याची मूत्रपिंडे मात्र निकामी झाली. आता आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुतात. माजिदा त्याच्या उशाशी बसते आणि म्हणते, "मीच पांघरवली की ती." तिला कोण समजावणार?

गेल्या आठवड्यात मल्लिनाथशेठ भेटायला आले. हातात नवी चादर होती. म्हणाले, "कामाची काळजी नगं. दुधनी गावचा नवा माणूस लावलाय भट्टीवर. चक्कर येती म्हणतो. हुईल की सवय."

माजिदाने चादर परत त्यांच्या हातात ठेवली. "ही न्या, शेठ. आन त्याला पंखा लावा."

शेठ चादर काखेत मारून निघून गेले. पंखा लागला की नाही, ते मला इथून कळत नाही.

मित्रांनो, ऊन लागलेल्या माणसाला गुंडाळू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग भिजवा, दवाखाना गाठा. आणि 'त्याला सवय आहे' असे कुणी म्हणाले, तर त्याला विचारा, कुणाच्या जिवावर? दुधनीच्या त्या माणसाच्या अंगात आज माझे भाऊबंद घड्या घालत असतील. त्यांना ओरडता येत नाही. तुम्हाला येते.