कोणता हात?

“बिनचहाचं रक्त जास्त चांगलं असतं, असं कोणी सांगितलं या लोकांना?” बाबा, म्हणजे माझे सासरे, पेपराआडून पुटपुटले. पुटपुटणं बरोबर माझ्या कानाशी, कारण चहा मी अडवलेला.

तेवढ्यात लॅबची सगुणाताई आली. ती माजिवड्याची. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालतच चपला काढते, पण हात धुवायला लागली की तिला कसलीच घाई नसते. बाबांच्या शुगरसाठी ती नेहमी येते, तरी दर वेळी नाव विचारते.

“पूर्ण नाव सांगा.”

“दारावर पाटी आहे की!”

“पाटीचं रक्त काढायचं नाय मला.”

बाबांनी मुकाट्याने प्रभाकरपासून आडनावापर्यंत सगळं सांगितलं.

मला तिचं काम बघायला फार आवडतं. दंडाला पट्टा बांधला की ती शीर बोटाने शोधते, डोळे खिडकीबाहेर. हातावर थापट्या मारत नाही. स्पिरिट लावल्यावर फुंकर घालत नाही, आपोआप वाळू देते. सुई कधी गेली ते बाबांना कळलं नाही, ते अजून चहावरच होते. आधी पट्टा सुटला, मग सुई निघाली. नळ्या तिने खळखळ हलवल्या नाहीत. झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशा हलकेच उलट्यासुलट्या केल्या आणि जागेवरच त्यांवर नाव लिहिलं.

“कोपर दुमडू नका काका, हात सरळ ठेवून दाबा. नाहीतर काळंनिळं होईल आणि काकू मला बोलतील.”

मग आई, म्हणजे सासूबाई, बसल्या. त्यांच्या तपासण्या एरवी हॉस्पिटलात होतात. घरी रक्त द्यायची ही पहिलीच वेळ. दोन वर्षांपूर्वी आईंचं डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. डाव्या हाताला सुई नको, प्रेशरचा पट्टाही नको, हात सुजला तर कायमचा जड होईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण आजाराचं नाव घरात कोणी घेत नाही. आम्ही ‘ते ऑपरेशन’ म्हणतो. नातेवाइकांना बाबांनी ‘पित्ताशय’ सांगून टाकलंय. आणि आज नेमक्या डोंबिवलीच्या आत्या, बाबांच्या बहीण, सोफ्यावर बसलेल्या.

आईंनी उजवा हात पुढे केला. सगुणाताईने बोटाने चाचपलं, पट्टा सोडला, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मागितला, थोडं थांबून पुन्हा चाचपलं.

“आई, मूठ आवळू नको, नुसती मीट. शिरा लय थकल्यात गं तुझ्या.”

आईंना अरे-तुरे केलेलं चालत नाही. तिचं चालतं.

“अहो, मग डावा घ्या ना!” आत्या म्हणाल्या. “बघा कशी जाड शीर दिसतेय.”

सगुणाताईने आईंकडे पाहिलं. “डाव्या बाजूला कधी काय ऑपरेशन?”

हे ती सगळ्यांनाच विचारते म्हणे.

“पित्ताशयाचं,” बाबा म्हणाले.

“तेच,” आत्या म्हणाल्या. “त्याचा हाताशी काय संबंध!”

आईंनी डावा हात हळूहळू पुढे केला. त्यांना तो हात द्यायचा होता! हात जाऊ दे, पण गोष्ट झाकलेली राहू दे. सगुणाताईने पट्टा उचलला, दंडाखालून घातला.

“थांबा,” मी म्हणाले. आवाज मलाच परका वाटला. “तो हात नको.”

“अगं, का नको?” आत्या.

बाबांनी पेपर नाकापर्यंत वर घेतला.

सगुणाताईने पट्टा अलगद काढून घेतला. का, कशाला, आधी का नाही सांगितलं, काही नाही. सुई टोपणातच होती, ती ट्रेमध्ये ठेवली आणि आईंचा हात स्वतःच्या तळव्यावर घेऊन बसली.

“मला घाई नाय,” ती म्हणाली. “हात तुझा आहे आई. तू सांगशील तो घेणार.”

आईंनी पदर सारखा केला. आत्यांकडे वळल्या.

“वन्सं, पित्ताशय माझं जागेवर आहे,” त्या म्हणाल्या. “माझा डावा स्तन काढलाय, काखेतल्या गाठींसकट. कॅन्सर होता मला.”