सरांच्या कानातलं चाक

गाडी शिकवणाऱ्या सरांचा आवाज गाडीच्या हॉर्नपेक्षा मोठा आहे, असं त्यांचे शिकाऊ म्हणायचे. अर्थात सर आसपास नसताना. बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. गिअर कर्रकन वाजला की सर गरजायचे, "कसला आवाज आला?" मग समोरचा माणूस मोठा साहेब असो की चार मुलांची आई, उत्तर ठरलेलं असायचं, "चुकलं, सर."

तर अशा सरांचं गेले पंधरा दिवस धाबं दणाणलं होतं. गाडीने जरा वेग घेतला की त्यांना एक घूं ऐकू यायचा, भुंगा डब्यात कोंडावा तसा. वेग वाढला की चढायचा, कमी झाला की विरायचा. पहिल्या दिवशी गाडी बँकेतल्या कारकुनाच्या हातात होती. सरांनी वळून विचारलं, "कसला आवाज येतोय?"

कारकून दचकला. "कसलाच नाही, सर."

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी आधी पायाखाली पाहिलं, मग आरशात, आणि जोरजोरात मान हलवली. तिसऱ्या होत्या शिवणवाल्या ताई. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मुलं-सुना नको नको म्हणत असताना, त्या गाडी शिकायला आल्या होत्या. त्याही घाईघाईने म्हणाल्या, "नाही हो, मी काही केलं नाही." थोडक्यात, तिघांनीही कानांवर हात ठेवले.

मग सरांनी घरी जाऊन मोरीचं दार लावलं आणि खरोखरच कानांवर हात ठेवून पाहिले. आत घूं होताच. त्यांच्या वडिलांचं बहिरेपण असंच सुरू झालं होतं, याच वयात, कानातल्या घूंपासून. पुढे पुढे वडील घोळक्यात बसायचे आणि सगळे हसले की क्षणभर उशिरा हसायचे. त्यात परवान्याचं नूतनीकरण सोमवारवर आलेलं, आणि डॉक्टर कान तपासल्याशिवाय सही करणार नव्हते. ज्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, त्याच्या भरवशावर कोण गाडी शिकेल? दुसरं काम सरांना येत नव्हतं, आणि आलं असतं तरी नको होतं. हे सगळं त्यांनी मनातच ठेवलं. बायकोलाही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी ताईंचा तास होता. गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्याला गाडी लागली, घूं सुरू झाला आणि सर खिडकीबाहेर बघत बसले. ताईंनी एक वळण चुकीच्या गिअरमध्ये घेतलं तरी गप्प. दुसरं घेतलं तरी गप्प. आता ताईंनाच काळजी वाटायला लागली.

"सर, बरं नाही का तुम्हाला? आज एकदाही ओरडला नाहीत."

"समोर बघा."

"मग एक विचारू का? रागावणार नसाल तर."

"विचारा."

"हा जो घूं येतो ना, तो फक्त माझ्याच हातून येतो का? मी पाय अगदी जपून ठेवते, तरी येतो."

सर गर्रकन वळले. "काय म्हणालात?"

"चुकलं, सर."

"चुकलं नाही हो," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक निघाला की ताईंनी त्यांच्याकडे चोरून पाहिलं. "मी आता काही बोलत नाही. घूं थांबला की तेवढं सांगा."

गाडी चालत राहिली. सर श्वास रोखून बसले. लांबलचक डावं वळण आलं आणि घूं मावळला. त्याच क्षणी ताई म्हणाल्या, "आत्ता थांबला." रस्ता सरळ झाला, घूं परतला. "आला," ताई म्हणाल्या. एकाच्या कानातला आवाज दुसऱ्याच्या कानात कशाला थांबेल? सरांच्या जिवात जीव आला. डोळे भरून आले ते त्यांनी उन्हावर ढकललं.

आता ताईंनाही हुरूप चढला. "आमच्या मशीनला आवाज आला की आम्ही सुई सोडवतो आणि नुसतं चाक फिरवून बघतो. आवाज चाकाचा की सुईचा, लगेच कळतं. गाडीत असं करता येतं का?"

"येतं. क्लच दाबून धरा."

इंजिन शांत झालं, गाडी आपल्या जोरावर धावत राहिली. घूं तस्साच. म्हणजे इंजिन नाही, चाकच. मग उजवं वळण आलं, गाडीचा भार डावीकडे गेला आणि घूं चांगलाच वाढला.

"डावं चाक," दोघंही एकदम म्हणाले.

"ताई, हा आवाज तुम्हाला कधीपासून येतोय?"

"तुम्ही विचारलंत ना, तेव्हाही येत होता."

"मग नाही का म्हणालात?"

"तुम्ही विचारलं कुठे, सर? दरडावलंत. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

कारकून आणि डॉक्टरीणबाईही नाही का म्हणाले, ते सरांना आता कळलं.

गाडी तशीच हळूहळू गॅरेजात नेली. मेकॅनिकने पुढचं डावं चाक उचललं, एका हाताने फिरवलं आणि सरांचा हात आतल्या स्प्रिंगवर ठेवला. खरखर थेट तळव्याला लागली.

"बेअरिंग गेलंय," मेकॅनिक म्हणाला.

"गेलंय ना? नक्की गेलंय?" सरांचा चेहरा असा फुलला की मेकॅनिक बघतच राहिला.

तरी एक शंका उरलीच. सरांनी चाचरत विचारलं, "कान झाकले की आत घूं येतो, त्याचं काय?" ताईंनी लगेच कान झाकले. मेकॅनिकनेही काळ्या तळव्यांनी झाकले. चाकाभोवती दोघं तसेच उभे राहिले.

"येतो की," ताई म्हणाल्या.

"मलाही येतो," मेकॅनिक म्हणाला. "सगळ्यांनाच येत असेल."

सरांनी बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. "अगं, बेअरिंग गेलंय."

"बरं. मग हसताय कशाला?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. घूं, वडील, सोमवार.

"पंधरा दिवस एकटेच घाबरत बसलात? मला का नाही सांगितलंत?"

सर भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "तू ओरडशील म्हणून."

ताईंनी चटकन मान वळवली आणि त्या चाकाकडे निरखून पाहू लागल्या, पण त्यांचे खांदे गदगदत होते. सरांना ते दिसलं. त्यांनाही हसू आवरेना.