खुंटीवरची वायर

स्वप्नीलचा कोड मी अडवला आणि तो रुसला. मी काही विरघळले नाही. कडावच्या दूध केंद्रात नवी थंड टाकी आली होती. तिच्या तापमानाचा सेन्सर वाचणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्यानं लिहिला होता आणि तपासायचं काम माझं होतं. वाचन कुठल्याही कारणानं फसलं, तरी त्यानं एकच एरर कोड परत पाठवला होता, ‘ईअगेन’. म्हणजे आत्ता जमत नाही, पुन्हा विचार.

“हर्षलाताई, टेस्ट सगळ्या पास आहेत. संध्याकाळचं दूध नव्या टाकीत पडायचंय. एका शब्दासाठी अडवता?”

“हो, एका शब्दासाठीच. गावाचं दूध नासलं तर शिव्या तू खाणार का?”

तो मोहोपाड्याच्या कॉलनीत वाढलेला, मी कडावची. केंद्रात काम कसं चालतं ते मला पाठ होतं. त्याला सांगून पटेना, तेव्हा सरळ स्कूटरवर मागे बसवला आणि पाण्यावर चाचणी घ्यायला नेला.

केंद्र सांभाळणाऱ्या सुरेखावहिनी टाकी धुवायला निघाल्या होत्या. त्यांनी आधी सेन्सरची वायर उपटून खुंटीला टांगली. भिजून बिघडू नये म्हणून इथे सगळे असंच करतात, आणि परत लावायची हमखास विसरतात. त्याही विसरल्या. आम्ही टाकीत कोमट पाणी भरलं. ड्रायव्हर म्हणाला, पुन्हा विचार. गारवा आणि धोक्याचा भोंगा सांभाळणारा वरचा प्रोग्राम बिचारा पुन्हा पुन्हा विचारत बसला. ना गारवा सुरू झाला, ना भोंगा वाजला.

“हे दूध असतं तर?” मी म्हटलं.

स्वप्नीलचा चेहरा उतरला. पण गडी हुशार. तिथेच उलट्या कॅनवर लॅपटॉप ठेवून बसला.

“सेन्सर कामात असेल तरच ‘ईअगेन’. वायरच काढलेली असेल तर ‘ईनोडेव्ह’, उपकरण जागेवर नाही,” तो स्वतःच म्हणाला. मला फार बरं वाटलं.

नवा ड्रायव्हर चढवला आणि भोंगा असा कोकलला की सुरेखावहिनी धावतच आल्या.

“लावते रं बाबा, लावते! बहिरी नाय मी!”

वायर बसली, भोंगा गप्प झाला, टाकी घुमू लागली. मी तिथेच कोड मंजूर केला. संध्याकाळी वहिनींनी पहिला कॅन स्वप्नीललाच ओतायला दिला. त्यानं तो खाली ठेवला, आधी खुंटीकडे पाहिलं, आणि मगच उचलला.