पाठ नसलेला कोट

पुढून बघाल तर मी कोट आहे. गडद निळा, दोन बटणांचा, कॉलर अजून कडक. मागून मात्र बघू नका. मागे मी जवळजवळ नाहीच.

पाठीचं कापड आहे, पण ते मानेपासून खालपर्यंत उभं कापलेलं, आणि दोन्ही काठांना नाड्या शिवलेल्या. मला पुढून चढवायचं, हात बाह्यांत घालायचे आणि मागे गाठ मारायची. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी पेशंटला झगा घालतात ना, तसा. फक्त ऐट कोटाची. आरेकिपा शहरात विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर ग्लादिसमावशींचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या खिळ्यावर लटकून मी हे सांगतोय. सांगण्यासारखं माझ्याकडे कितपत आहे, याची मला स्वतःलाच शंका आहे. पण आज बोललो नाही तर घुसमटेन.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. बाजारामागच्या एका शिंप्यानं मला एका नवरदेवासाठी शिवलं होतं. अर्धी लोकर, अर्धं पॉलिस्टर, आत राखाडी अस्तर. शेवटची फिटिंग झाली आणि नवरदेव समुद्राकडे कामाला म्हणून गेला, तो आलाच नाही. नवरीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. मला शिंप्यानं आपल्या वहिनीला देऊन टाकलं. ती वहिनी म्हणजे ग्लादिसमावशी.

स्टुडिओतलं माझं पहिलं गिऱ्हाईक कायद्याचा एक जाडजूड विद्यार्थी होता. त्याचा एक हात बाहीत गेला, दुसरा काही जाईना. बाहेर रांग. मावशींनी कात्री उचलली. "थोडं सोसून घे हं," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की त्याला, ते आजही मला माहीत नाही. त्या दिवसापासून मी सगळ्यांना होतो. जाड्यांना, काटकुळ्यांना, मुलांना, मुलींना. सगळ्यांना होतो म्हणजे खरं तर कोणालाच होत नाही, हे मला कळतं. पण फोटो छातीपर्यंतच असतो, आणि छातीपर्यंत मी अजून साहेब आहे.

इथल्या मुलांना पदवीआधी इंटर्नशिप करावीच लागते. अर्जाच्या कोपऱ्यात फोटो लागतो, आणि फोटोत कोट. असं कुठे लिहिलेलं नाही, पण स्वेटर घालून फोटो काढलेल्या मुलाला कोणी बोलावत नाही म्हणतात. सत्र संपत आलं की मुलं घोळक्यानं येतात. आरशासमोर उभी राहून मुलाखतीची तयारी करतात, आणि मी त्यांच्या अंगावर असतो म्हणून सगळं ऐकतो.

"अनुभव हवा, असं लिहिलंय जाहिरातीत. अरे, अनुभव नाही म्हणून तर शिकायला येतोय!"

"तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता, असं विचारलं तर काय सांगायचं?"

"सांगायचं, मी जरा जास्तच मेहनत करतो."

यावर मावशी कॅमेऱ्यामागून हसतात. "माझ्या नवऱ्यात हा दोष असता तर मी आज फोटो काढत बसले नसते, बाळांनो. चला, हनुवटी खाली. दात दाखव, पण भूक नको दाखवूस."

मावशींना त्या फोटोत काय दिसतं कोण जाणे. मला मात्र आत काय चाललंय ते कळतं. बगलेत घाम. काळीज इतकं धडधडतं की माझं वरचं बटण हलतं.

एक गोष्ट मला फार छळते. ज्यांना जागा मिळते ती मुलं परत येत नाहीत. येतील कशाला? जी मिळवू शकत नाहीत तीच पुन्हा येतात. नवा फोटो काढायला, या वेळी केस मागे घेऊन, या वेळी चष्मा काढून. म्हणजे मी ज्यांना दुसऱ्यांदा भेटतो ते सगळे नाकारलेले असतात. माझ्यामुळे कोणाचं कधी भलं झालं असेल का? झालं असेलही. पण मला दाखला कोण देणार?

नायदा काल्सिना पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या कडेवर मुलगी होती आणि हातात तीन टोकांचा पाव. पाव मुलीचा, पण अर्धा आईनंच खाल्लेला. ती रसायन अभियांत्रिकीला होती. मुलीच्या वेळी तिनं शिक्षण मध्येच सोडलं होतं, मग परत आली. आता नियमानं हे तिचं शेवटचं सत्र. या सत्रात इंटर्नशिप नोंदवली नाही तर नाव कमी होणार, आणि इतक्या वर्षांचं शिक्षण पदवीविना राहणार. हे सगळं तिनं मावशींना कॅमेरा लावेपर्यंतच्या वेळात सांगून टाकलं. घाबरलेली माणसं फार पटापट बोलतात.

"मुलीला कुठे ठेवू, मावशी?"

"खाली ठेव. फोटोत येत नाही ती."

तशी लुआना खाली राहिली, आईच्या पायाला चिकटून. त्या दिवसांत तिला एकच छंद होता. दिसेल ती गाठ सोडायची. बुटाची, पिशवीची, मावशींच्या एप्रनची. सुटली की टाळ्या वाजवायची. फोटोत नायदा आत्मविश्वासानं हसते आहे. खाली तिच्या बुटाच्या नाड्या सुटलेल्या आहेत, ते फोटोत नाही.

ती परत आली. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

"काय विचारलं?" मावशींनी माझी गाठ मारता मारता विचारलं.

"पहिल्या ठिकाणी विचारलं, मुलंबाळं आहेत का. म्हटलं, एक मुलगी. म्हणाले, कळवतो."

"आणि दुसऱ्या?"

"तिथेही तेच. मी उत्तर संपवायच्या आतच, कळवतो."

"मेल्यांना बापांना विचारायला सुचत नाही कधी," मावशी म्हणाल्या आणि गाठ जरा जोरातच ओढली. मला लागलं, पण मी त्यांच्या बाजूचा होतो.

मग अल्पाका लोकरीच्या गिरणीतून तिला बोलावणं आलं. रंगखात्यात एक जागा होती. मुलाखत फोनवर, व्हिडिओ कॉलनं. नायदाचं घर वरच्या वस्तीत, पत्र्याचं. तिथे फोनला रेंज नाही आणि मागे दाखवायला भिंत नाही. मावशी म्हणाल्या, "इथेच ये. दुपारी मी शटर अर्धं खाली घेते. पांढरा पडदा आहे, दिवा आहे, कोट आहे. अजून काय लागतं इंजिनियर व्हायला?"

त्या दुपारी नायदा फार लवकर आली. स्टुलावर बसून पुटपुटत राहिली. लोकर, पाणी, तापमान, पुन्हा लोकर. मध्येच थांबून म्हणाली, "मावशी, या वेळी विचारलं तर मी नाही म्हणणार आहे."

"कशाला नाही?"

तिनं लुआनाकडे बघितलं. मावशींनी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी मुलीला उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. दालचिनी भुरभुरलेलं आइसक्रीम दिलं, म्हणजे तोंड गुंतलेलं राहील.

फोन स्टँडवर लावला. पलीकडे गिरणीच्या इंजिनियर उगार्तेबाई, चष्मा कपाळावर चढवलेल्या.

"ऐकू येतंय?"

"येतंय, इंजिनियर."

"लोकरीवर रंग धरत नाहीये. आधी काय बघाल?"

"आधी पाणी बघेन. त्याची आम्लता. मग तापमान, आणि ते किती हळू वाढवलं ते. रंगाला दोष सगळ्यात शेवटी देईन."

उगार्तेबाईंनी चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. मी इतके चेहरे बघितलेत, मला कळलं. त्या आता खरंच ऐकत होत्या. अजून प्रश्न आले, आणि नायदाचा आवाज स्थिर झाला. माझं वरचं बटण हलायचं थांबलं. मला वाटलं, आज मी कोणाला तरी खरंच होतोय. अगदी मापाचा.

"छान," उगार्तेबाई म्हणाल्या. "आमची पाळी पहाटे सुरू होते. तुम्हाला घरी काही अडचण? म्हणजे लहान मूल वगैरे?"

"नाही," नायदा म्हणाली.

आतून तिची पाठ थंड पडली. माझ्याकडे पाठ नाही म्हणून मला तिची जास्त कळते.

नेमकं तेव्हाच शटरवर कोणी तरी थापा मारल्या. मावशी त्याला घालवायला बाहेर गेल्या. आणि माझ्या नाड्यांना चिकट, गार, इवलीशी बोटं लागली.

मी काय करू शकत होतो? मी कोट आहे. माझ्यात हात असतात, पण ते नेहमी दुसऱ्याचे असतात. गाठ सुटली. खांदे सुटले. मी पुढे घसरलो आणि नायदाच्या मांडीवर पडलो. खाली तिचा कोपरावर विरलेला स्वेटर होता.

"मम्मा, सुटलं!" लुआना ओरडली आणि तिनं टाळ्या वाजवल्या.

नायदानं मला उचलून पुन्हा छातीशी धरलं, मग सोडून दिलं. वळून मुलीला उचललं आणि मांडीवर बसवलं, माझ्यावरच.

"ही माझी मुलगी, इंजिनियर. लुआना. मी खोटं बोलले."

"आणि कोट?"

"कोट स्टुडिओचा आहे."

"आणि ते पाण्याबद्दल सांगितलंत ते?"

"ते माझं आहे."

लुआना आइसक्रीमची बोटं माझ्या कॉलरला पुसत होती. मग उगार्तेबाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "बरं. आम्ही कळवतो."

फोन काळा झाला.

मावशी आत आल्या आणि सगळं एका नजरेत समजल्या. "अगं बाई गं! मी त्या मेल्याला हाकलायला गेले, आणि ही... लुआना, काय केलंस तू!"

"तिला नका बोलू," नायदा म्हणाली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "छान सोडलीस हं गाठ. एकटीनं सोडलीस." आणि पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून माझी बाही तोंडात कोंबून रडली.

मग वाट बघणं सुरू झालं. तिचं तिच्या घरी, माझं खिळ्यावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला एखादं माणूस पुन्हा दिसू नये असं वाटत होतं. दार वाजलं की मी आक्रसायचो. अर्थशास्त्राची मुलं आली, खाणकामाची आली. मी त्यांच्या अंगावर गेलो, हसलो, परत आलो. ती नव्हती. एक एक दिवस ती नव्हती, आणि माझी हिंमत वाढत होती. मिळालं असेल. रंगखात्यात उभी असेल, पाणी तपासत. पाळीवर जाताना लुआनाला शेजारणीकडे ठेवत असेल. मी इतकं सगळं रचलं की मला ते खरं वाटायला लागलं.

आज सकाळी दार वाजलं आणि ती आली.

"कळवलं?" मावशींनी विचारलं.

नायदानं नकारार्थी मान हलवली. "मी फोन केला होता. उगार्तेबाई म्हणाल्या, माझी हरकत नाही, पण वरच्यांचं अजून ठरलेलं नाही. आणि विद्यापीठात नोंदणी शुक्रवारी बंद होते, मावशी."

"मग?"

"शहराबाहेर एक डेअरी आहे. आज अर्ज दिला तर उद्या बोलावतात म्हणे. फोटो हवाय."

मावशींनी मला खिळ्यावरून काढलं. माझी कॉलर झटकली. आइसक्रीमचा डाग अजून गेला नव्हता, त्यावर त्यांनी थुंकी लावून बोट घासलं.

"कोट नको," नायदा म्हणाली.

"काय?"

"स्वेटरवरच काढा. कोपर दिसणार नाहीत ना?"

"अगं, वेडी का तू? तो फोटो बघून तुला दारात तरी उभं करतील का?"

"कोट घालून गेले तर आत गेल्यावर काढावा लागतो, मावशी. मला आता आत गेल्यावर काही काढायचं नाही. विचारतील तर सांगेन, मुलगी आहे. न विचारता सांगेन."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही," नायदा म्हणाली. पण हे म्हणताना तिचे ओठ थरथरत होते. धीट माणसाचे ओठ असे थरथरत नाहीत. तिच्याकडे दुसरा उपाय उरला नव्हता, इतकंच.

मावशींनी मला स्टुलावर ठेवलं आणि दिवा लावला. "हनुवटी खाली," त्या म्हणाल्या. दात दाखव असं या वेळी म्हणाल्या नाहीत. मी बाजूला पडून पहिल्यांदाच एक फोटो बाहेरून बघितला. नाकारल्याचं वाईट वाटलं का? वाटलं. त्याहून जास्त भीती वाटली, तिच्यासाठी. आणि तिसरं काही तरी वाटलं, त्याला मला नाव नाही.

लुआना माझ्याजवळ आली. माझ्या नाड्या तिनं हातात घेतल्या. सोडायला काहीच नव्हतं, तर तिनं बांधायला घेतल्या. जीभ बाहेर काढून, बराच वेळ, एकीवर एक. भलतीच घट्ट, वेडीवाकडी गाठ मारली. टाळ्या वाजवल्या नाहीत. बहुधा जमलं की नाही, याची तिला खात्री नव्हती.

फोटो घेऊन दोघी गेल्या. रस्त्यावर कोंबीवाला, म्हणजे मिनीबसवाला, ओरडत होता, त्याच्यामागे नायदा एका हातानं लुआनाला आणि एका हातानं पाकीट छातीशी धरून धावली.

मावशी दोनदा ती गाठ सोडायला बसल्या. नखं तुटली. "दुपारी बघू," म्हणाल्या आणि मला खिळ्यावर लटकवलं. बाहेर एक मुलगा वाट बघतोय, त्याला मी हवा आहे. पण ही गाठ आहे तोवर मी कोणाला होणार नाही. सुटली की पुन्हा सगळ्यांचा होईन.

तोवर एकच मागतो. मावशी, दुपारी नका सोडू. शुक्रवारपर्यंत राहू दे. आणि नायदा, तू परत येऊ नकोस. रागावून नाही म्हणत. या दारात तू पुन्हा दिसू नयेस, कधीच दिसू नयेस, यापेक्षा मोठं काही मला मागता येत नाही.