उजव्या पायाची नाल

याकूबचाचांनी मैना घोडीचा पुढचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने खुराची कड दाबली. ओल आलेल्या भिंतीचा सुटावा तसा कडेचा पोपडा सुटून खाली पडला. चाचांनी हातोडी जमिनीवर ठेवली. भद्रकालीच्या टांगा स्टँडामागे त्यांनी उभा जन्म नाला ठोकण्यात घालवला होता. हातोडी अशी मधेच ठेवलेली टांगेवाल्या यादवने कधी पाहिली नव्हती.

"मी नाय ठोकत आता," ते म्हणाले.

"का हो, चाचा?"

"खिळा मारायला जागा कुठं हाय? चाळणी करून टाकलीस तू पायाची."

मैना काळी होती. कपाळावर पांढरा ठिपकासुद्धा नाही, अशी काळीकुट्ट. तसल्या घोड्याच्या पायातली नाल दाराला ठोकली की साडेसातीचा त्रास टळतो, असं लोक मानत. नाल पुढच्या उजव्या पायाची हवी, खिळ्यांसकट हवी, आणि मुख्य म्हणजे आपोआप गळून पडलेली हवी. आता नाल आपोआप गळायची म्हणजे महिने जातात, आणि अडलेल्या माणसाला धीर कुठला? रिक्षा आल्यापासून टांग्यात म्हातारी माणसं आणि यात्रेकरू तेवढे बसत. शनिवारची एक नाल मात्र मैनाचा आठवड्याचा चारा देऊन जायची. दाराची कडी वाजली की यादव घाईने पक्कड घेऊन नाल उपटायचा, गळाली म्हणून हातावर ठेवायचा, आणि सोमवारी चाचांकडून नवी ठोकून घ्यायचा. नव्या नालेला नवे खिळे, आणि नव्या खिळ्यांना नवी भोकं.

"घरात बाबासाहेबांचा फोटो, आन् दारात शनीचं दुकान!" त्याची बायको चिमणाबाई म्हणायची.

"आपण कुठं मानतो? ते मानतात."

"मग जिचा पाय जातो त्या बिचारीला विचारा, ती काय मानते."

चाचांनी मैनाच्या चारही नाला काढल्या. "आता हिला वर्षभर अनवाणी ठेव. टांगा नको, डांबरी रस्ता नको. गोदावरीच्या काठी मऊ मातीत फिरव. खूर वरून नवा येतो, केसांच्या रेघेपासून खाली. ही भोकं सरकत सरकत खाली येतील आन् तासून जातील. पण महिन्याच्या महिन्याला तासावा लागंल."

"तुमच्याकडं आणतो की."

चाचांनी हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "आन् मी जुम्म्यानंतर मालेगावला लेकीकडं चाललो. तूच शीक बेटा. घोडी तुझी, तर खूर बी तुझाच."

जायच्या आधी रोज सकाळी ते यादवच्या अंगणात येऊन ओट्यावर बसत.

"खूर म्हणजे आपलं नख. कापताना दुखत नाय, पण खाली जिवंत मांस असतं. तिथं पातं लागलं तर घोडं जन्मभर विसरत नाय. चल, पाय माग. ओढू नको, माग."

यादवने खांद्याला खांदा लावला, हात पायावरून खाली नेला आणि मागची शीर हळूच चिमटीत धरली. मैनाने पाय उचलला.

"शाबास! तुला नाय, तिला म्हणतो." चाचा हसले. "आता माती खरवड. वरचं पांढरं भुसभुशीत, सुक्या खोबऱ्यासारखं निघतंय ना? ते मेलेलं. ते काढ. मेणासारखं चमकायला लागलं की हात थांबव. थांबायचं कळलं की तासायचं कळलं. टाचेकडचा हा मऊ त्रिकोण तिची चप्पल. तिला हात लावायचा नाय. आता कानस घे. बाहेरची कड गोल कर, नायतर फुटंल."

पाय खाली ठेवल्यावर त्यांनी यादवचा हात धरून त्याची मागची बाजू खुरावर टेकवली. "हा गार खूर. लक्षात ठेव. ज्या दिवशी तव्यासारखा लागंल, त्या दिवशी आत काहीतरी शिजतंय."

शेवटच्या दिवशी त्यांनी काढलेल्या नाला ओट्यावर मांडल्या. "नाल काढली की आधी खिळे बघायचे. सगळे सारखे निघाले पायजेत. एक जरी तोकडा दिसला, तर उरलेला तुकडा पायात हाय. तो शोधल्याबिगर पाणी बी पिऊ नको."

चाचा मालेगावला गेले. यादव मार्केटात हमालीला जाऊ लागला, चिमणाबाई विड्या वळत होतीच. त्याला तासायची गोडी लागली. अनवाणी पाय मैनालाही मानवले. तिने एकच सवय सोडली नाही. दाराची कडी वाजली की ती आपण होऊन पुढचा उजवा पाय उचलून धरी. कडीमागून पक्कड येते आणि पाय द्यावा लागतो, एवढं तिच्या डोक्यात बसलं होतं. यादवला ते पाहून पहिल्यांदा हसू आलं. नंतर येईना.

एका गुरुवारी कडी वाजली. दारात वत्सलाबाई नावाच्या बाई उभ्या होत्या. त्यांचा नवरा अंथरुणाला लागला होता आणि डॉक्टर नुसती मान हलवत होते.

"दादा, एक नाल पायजे. गळालेली."

"घोडी अनवाणी हाय, बाई. नाल नाय आता."

बाई हलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. मैनाच्या पायांकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. यादवला ते सोसवेना. "शनिवारी या," तो म्हणून गेला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने ठेवणीतली जुनी नाल बाहेर काढली आणि स्वतःच ठोकायला बसला. एक रात्र पायात राहिली की झालं, रात्रीत गळाली तर खोटंही बोलायला नको, अशी त्याने मनाची समजूत घातली. चांगल्या खुरात खिळा जाताना टणटण वाजतो. पहिले दोन वाजले. तिसऱ्याचा आवाज बसका आला, चिखलात मारल्यासारखा. मैनाच्या अंगावरून शहारा गेला, पण तिने पाय ओढला नाही. शिकवलेलं होतं ना तिला!

सकाळी कडी वाजली तेव्हा नाल पायातच होती. यादवने ती घाईने उपटली आणि खिळ्यांसकट वत्सलाबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी डोळे मिटून ती कपाळाला लावली.

सोमवारी मैना पायाचं टोक नुसतं टेकवून उभी होती. बुधवारी तीन पायांवर. यादवने हाताची मागची बाजू खुराला लावली आणि झटकन काढून घेतली.

"तीन पायांवर कवर उभी राहील?" चिमणाबाई हळू आवाजात म्हणाली. "बसली तर उठायची नाय. बसलेलं घोडं उठत नसतं."

यादवने सुरी घेतली, पाय मांडीवर घेतला, माती खरवडली. कडेने भोकंच भोकं होती, आणि सगळी सारखीच काळी. आतली घाण यातल्या एकाच वाटेने बाहेर येणार होती, पण कोणत्या? सगळीच उकरायची तर पायच उरणार नव्हता. चाचांच्या घराला कुलूप होतं. मालेगावच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे त्याने निरोप दिला, पण त्याचं काही उत्तर आलं नव्हतं. गल्लीतला कुत्रा दोन दिवस गोठ्याच्या दाराशी येऊन बसत होता. हाकलला तरी जात नव्हता.

शनिवारी सकाळी मैनाचे गुडघे कापू लागले. तेवढ्यात कडी वाजली. पाय उचलायला तिने नुसती मान हलवली. पाय तर उचललेलाच होता.

"गुण नाय आला," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांनी नाल ओट्यावर ठेवली. "त्यांना उलट जास्तच झालंय. खरं सांगा दादा, ही आपोआप गळालेली हाय?"

यादव उत्तर देणार होता, पण त्याची नजर नालेवर गेली. बाईंनी ती देवापुढे ठेवलेली दिसत होती. हळदकुंकू लागलेलं, खिळे जसेच्या तसे. बाहेरच्या बाजूचा, टोकाकडून तिसरा खिळा अर्धाच होता.

"गळाली नव्हती," तो म्हणाला. "उपटली मी. घाईत बघितलं बी नाय. बाई, हिचं डोकं धरा."

"मी?"

"धरा, नायतर घोडी जाईल."

वत्सलाबाईंनी दावं धरलं. यादवने पाय मांडीवर घेतला आणि नाल होती तशी खुरावर बसवली. अर्ध्या खिळ्याखाली जे भोक आलं त्यावर नखाने खूण केली, आणि सुरीच्या टोकाने तेवढंच उकरू लागला. भुसभुशीत निघालं. मग मेणासारखं चमकलं. इथे हात थांबवायचा, असं चाचांनी शिकवलं होतं. यादवने डोळे पुसले आणि आणखी केसभर आत गेला.

काळं पाणी उसळून त्याच्या मनगटावर आलं. त्या वासाने चिमणाबाईने पदर नाकाला लावला. पाण्यामागून खिळ्याचा काळा पडलेला तुकडा दिसला, तो यादवने पकडीच्या टोकात धरून बाहेर काढला.

मैनाने पाय खाली केला. आधी टोक, मग हळूहळू टाच. पुरा टेकवला आणि लांब श्वास सोडला.

वत्सलाबाई ते बघत होत्या. त्यांनी दावं सोडलं, ओट्यावरची नाल उचलली आणि पदरात बांधली.

"बाई, ती राहू द्या. उपटलेली हाय, सांगितलं ना."

"हिला तर गुण आला," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आठवडाभर यादवने कडुनिंबाच्या कोमट पाण्यात पाय शेकला, भोकात स्वच्छ कापसाचा बोळा घातला. शुक्रवारी खूर गार लागला. त्याने तीनतीनदा हात लावून पाहिला. कुत्राही दिसेनासा झाला होता.

"आता या घरात नाल नाय," चिमणाबाई म्हणाली.

"नाय."

शनिवारी सकाळी तो मैनाजवळ कानस घेऊन बसला असताना गल्लीत चपलांचे आवाज आले. एकट्यादुकट्याचे नव्हते. त्याने फटीतून पाहिलं. गल्ली दुसऱ्या टोकापर्यंत माणसांनी भरली होती. कोणी पोर कडेवर घेतलेलं, कोणी म्हाताऱ्याला धरून आणलेलं. पुढच्या माणसाच्या हातात नवी कोरी नाल होती. त्याच्या शेजारच्याने खिळे आणि हातोडीसुद्धा आणली होती.

"यादवदादा! अहो, वत्सलाबाईंचा मालक उठून बसला. चहा प्याला!"

"गळालेली नको आम्हाला," मागून कोणी ओरडलं. "उपटलेलीच द्या. तिलाच गुण हाय!"

यादवने दाराला पाठ लावली.

कडी वाजली.

त्याने मान वर करून मैनाकडे पाहिलं. तिने दुखऱ्या उजव्या पायावर सगळा भार घेतला होता, आणि डावा, चांगला पाय उचलून धरला होता.