तोआदेरची बांधलेली बंदूक

रविवारी चर्च सुटल्यावर अख्खं ब्रादेत गाव शिकाऱ्यांच्या खोपीपुढं लोटलं होतं. मधोमध तिपाईवर निकानोरबुवा. मांडीवर ग्रिगोरची रायफल, तिच्या दुर्बिणीवर काळं फडकं. बुवांचा डावा हात फडक्याखाली, उजव्या हातात मेंढीच्या गळ्यातली घंटा. ती खणखणत बुवा पुटपुटत होते, "नळीतली गाठ सुट, दस्त्यातली गाठ सुट, जिनं बांधली तिच्या पोटात जाऊन बस."

मग ग्रिगोर आडवा पडला आणि दरीपलीकडं तीनशे मीटरवर फळीला ठोकलेल्या पांढऱ्या झाकणावर त्यानं गोळी झाडली. झाकण ठणकन वाजलं. बायाबापड्यांनी छातीवर क्रूस काढले आणि बुवांच्या झोळीत डुकराची एक सुकवलेली तंगडी गेली. करणीनं बांधलेली बंदूक नेम चुकते असं गाव मानायचं, आणि महिन्याभरात बुवांनी सोडवलेली ही तिसरी बंदूक.

गर्दीच्या मागं लिओंतिना उभी होती. तालुक्याच्या गावी चष्म्याच्या दुकानात ती भिंगं घासायची आणि दिवसभर बारीक स्क्रू आवळायची. उन्हाळाभर सुतासारखी चालणारी बंदूक एका दिवसात आजारी काय पडते आणि घंटा ऐकून बरी काय होते, हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं.

"हारालांबी," बुवा तिच्या सासऱ्यांकडं वळले, "तुझ्या तोआदेरचीपण बांधलीय. काल कड्यावरचा रानबोकड तीनदा चुकला ना?"

"चुकला बुवा. समोर उभा होता नुसता."

"घरातली बाई बंदूक ओलांडून गेलीय. परक्या गावची आहे. पुढच्या रविवारी सोडवतो, पण नाताळापर्यंत तिला माहेरी ठेव. आणि तोवर बंदूक निशाण्याच्या कागदावर झाडून बघायची नाही. बांधलेली बंदूक कागदावर झाडली की गाठ आणखी आवळते."

सगळ्या माना लिओंतिनाकडं वळल्या. घरात परक्या गावची तीच एकटी.

"मामंजी, मी कशाला ओलांडू? ती कपाटात कुलपात असते."

"बुवा उगाच बोलायचे नाहीत, सूनबाई. पुढच्या सोमवारी तोआदेर तुला सोडून येईल."

तिचा नवरा तोआदेर बुटांकडं बघत राहिला. लिओंतिनाला रडू आलं नाही, संताप आला. नाताळापर्यंत म्हणून माहेरी धाडलेली सून परत येतच नाही, हे तिनं शेजारच्या घरात पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं नवऱ्याला बंदूक घेऊन गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत नेलं.

"बुवांनी कागद नको म्हटलंय गं."

"म्हणूनच कागद आणलाय. बंदूक बांधलेली असेल तर मी आपली आपण माहेरी जाते. चल."

आधी तिनं दुर्बिणीच्या पट्ट्यांचे स्क्रू पाहिले. घट्ट होते. नळी पुसून घेतली. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवली, ती कुठंच अडली नाही, म्हणजे लाकूड नळीला टेकत नव्हतं. काडतुसं एकाच खोक्यातली घेतली. मग वाळूच्या पोत्यावर बंदूक टेकवून तोआदेरनं तीनशे मीटरवरून पाच गोळ्या झाडल्या.

पाचही भोकं एका बशीत मावतील इतकी जवळ पडली होती, पण मध्यापासून बरोबर एक वीत उजवीकडं.

"बघ, तुझा हात चांगला आहे, बंदूकपण चांगली आहे," ती म्हणाली. "बिघडलेली बंदूक गोळ्या कुठंही फेकते. ही तर सगळ्या एकाच जागी टाकतेय. फक्त नेम सरकलाय."

तिनं दुर्बिणीच्या उजव्या अंगाची टोपी उघडली. आत आडव्या नेमाची चकती असते. ती एक टिक फिरली की शंभर मीटरवर गोळी सेंटीमीटरभर सरकते, तीनशेवर तीन; आठ टिक म्हणजे वीतभर. उन्हाळ्यात शून्यावर ठेवलेली चकती आठ टिक उजवीकडं गेली होती.

"मी हात नाही लावला," तोआदेर म्हणाला. "आमच्यात दुसऱ्याच्या बंदुकीला कुणी शिवतपण नाही."

"शनिवारी शिकारीआधी जेवताना बंदुका कुठं होत्या?"

"नेहमीसारख्या खोपीच्या ओसरीत टांगलेल्या. जेवणाच्या टेबलाजवळ बंदूक आणायची नाही, पद्धतच आहे. ओसरीत फक्त..." तो थांबला. "धूर सोसत नाही म्हणून बुवा तिथं बसतात."

लिओंतिनानं चकती आठ टिक मागं फिरवून शून्यावर आणली आणि टोपी लावून टाकली. "आता बंदूक ठणठणीत आहे. कुणाला बोलू नकोस. बुवांना सोडवू दे."

रविवारी बुवांनी ती सोडवली. काळं फडकं, खणखणती घंटा, गाठींची सगळी यादी. तोआदेर आडवा पडला आणि त्यानं गोळी झाडली. झाकण वाजलं नाही. पुन्हा झाडली, पुन्हा नाही. हातातल्या दुर्बिणीतून बघणारा ग्रिगोर म्हणाला, "दोन्ही एकाच जागी. झाकणाच्या डावीकडं, वीतभर."

"ती इथं उभी आहे ना," बुवा कपाळ पुसत म्हणाले, "म्हणून गाठ सुटेना."

लिओंतिना पुढं आली. तिनं घंटा उचलून ग्रिगोरच्या हातात दिली. "ही वाजवू नका कुणी. आणि जरा गप्प राहा." टोपी काढून तिनं चकती सगळ्यांना दाखवली. "सोमवारी मी ही शून्यावर ठेवली होती, तेव्हापासून बंदूक कुलपात होती, तोआदेर साक्षीला आहे. आता आठ डावीकडं आहे. ऐका."

ती चकती फिरवू लागली. शांततेत आठ वेळा टिक ऐकू आलं. तोआदेरनं गोळी झाडली आणि झाकण ठणकन वाजलं.

"बुवांनी ओसरीत आठ टिक बिघडवायच्या, फडक्याखाली आठ टिक परत फिरवायच्या. आवाज ऐकू येऊ नये म्हणून घंटा. आपल्याला खरं कळू नये म्हणून कागदाची बंदी. यावेळी आधी बिघाड नव्हताच, म्हणून परत फिरवताना तो बुवांच्याच हातानं झाला."

ग्रिगोरनं बुवांकडं बघितलं. "माझी तंगडी परत आणा," एवढंच तो म्हणाला. बुवांना आधी सोडवलेल्या दोन बंदुकांच्या घरांची आठवण झाली असावी, कारण ते तिपाई तिथंच टाकून निघाले.

हारालांबी सुनेजवळ आले. "चल सूनबाई, घरी. झालं गेलं सोडून दे."

"घरी येते मामंजी. पण माझ्यावरचा आळ तुम्ही इथं, सगळ्यांसमोर मान्य केलात. तो इथंच मागं घ्या." मग ती लोकांकडं वळली. "पुढं कुणाची बंदूक चुकली तर कागदावर झाडून बघा. स्क्रू बघा, नळी बघा, काडतुसं बघा, स्वतःचा हात बघा. एवढं बघितल्यावर कारण सापडतं. कुणाच्या बायकोला घराबाहेर काढावं लागत नाही."

हारालांबींनी टोपी काढली. मग ते बोलले मोठ्यानं, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं.

"माझ्या सुनेनं काही केलं नव्हतं. चूक माझी होती."